लालाकिसचे पांढरे केस

"अर्धं डोकं काळं आणि अर्धं पांढरं घेऊन पाहुण्यांसमोर जाणार आहेस?" फानूरिसची बायको मेल्पो न्हाणीघराच्या दारात रंगाची वाटी धरून अडून उभी होती.

"जाईन. डोकं माझं आहे."

"डोकं असतं तर ही वेळच आली नसती! बस खाली."

फानूरिस बसला नाही. निम्मे केस रंगवून होईपर्यंत तो मुकाट्याने बसला होता. पण "रूसोस म्हणालाय, कपाळावर बटसुद्धा पूर्वीसारखीच हवी," असं मेल्पो बोलली आणि तो ताडकन उठला. नळाखाली डोकं धरून त्याने टॉवेल गुंडाळला.

रूसोस नव्या वाहिनीसाठी मालिका काढणार होता. लेखन फानूरिसचं, दिग्दर्शन फानूरिसचं आणि नायकही फानूरिसच. अट एवढीच, की नायक म्हणजे लालाकिस. फानूरिसच्या जुन्या सिनेमांतला, सासऱ्यासमोर चळाचळा कापणारा तो भित्रा जावई. साठी उलटलेल्या फानूरिसने पुन्हा पस्तिशीचा जावई व्हायचं! नाही म्हणेल तर मालिका दुसऱ्याच्या घरी जाणार, आणि रूसोसला आज उत्तर हवं होतं.

"मला माझं स्वयंपाकघर परत हवंय, फानूरी," मेल्पो आता हळू आवाजात म्हणाली. "पाच वर्षं तुझ्या कॅसेटवाल्यांच्या वायरी ओलांडत मी मसूर शिजवतेय. मालिका झाली तर निदान स्टुडिओत तरी जाशील."

हे मात्र खरं होतं. चित्रपटांचा धंदा बसल्यावर अथेन्समधले कितीतरी नट घरी बसले. फानूरिस बसला नाही. त्याने व्हिडिओ कॅसेटसाठी विनोदी सिनेमे काढले, तेही आपल्याच घरात. किप्सेली भागातल्या त्या बिऱ्हाडात पोलीस ठाणं झालं, दवाखाना झाला, एकदा तर जहाजही झालं. गर्दी लागली की जिन्यावरून हाक मारायची, शेजारी चपला घालून हजर.

काम त्याला कधी कमी पडलं नाही. वोलोसच्या बंदरातल्या हमालाचा हा मुलगा. गावात फिरती नाटक मंडळी आली, तिची पेटी बोटीवर चढवून द्यायला गेला आणि पेटीबरोबर स्वतःही चढला. कॉफीच्या दुकानांत टेबलं जोडून रंगमंच व्हायचा. तिथे तो दरोडेखोर झाला, पाद्री झाला, नटी आजारी पडली तेव्हा विधवाही झाला. पुढे अथेन्समध्ये सिनेमात वेटरची कामं मिळाली. 'आणतो साहेब' एवढंच वाक्य असायचं. फानूरिस त्याला शेपूट जोडायचा आणि सगळे हसले की दिग्दर्शक ते ठेवून द्यायचा. असं करता करता तो लिहायला लागला.

लालाकिस मात्र याच घरात जन्मला. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी, कालिरोईबाईंनी, जावयाला कोपऱ्यावरच्या बेकरीत धाडलं होतं. रविवारच्या जेवणाची परात तेव्हा सगळी आळी बेकरीच्या भट्टीत भाजायला द्यायची. फानूरिस दुसऱ्याच कुणाची परात उचलून घरी आला. झाकण काढलं तर कोकराच्या जागी वांगी! कालिरोईबाईंनी त्या दिवशी जे तोंड सोडलं, ते फानूरिसने तसंच्या तसं सिनेमात उतरवलं, फक्त सासूचा सासरा केला. सिनेमा असा चालला, की त्यामागून आणखी चार आले. रस्त्यात त्याला अजूनही कोणी फानूरिस म्हणत नव्हतं. "काय लालाकिस, सासरा काय म्हणतोय?" हेच.

आज संत फानूरिओसचा, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस. अशा दिवशी आमंत्रण नसतं, दार उघडं असतं. हा संत हरवलेल्या वस्तू शोधून देतो, म्हणून मेल्पोने पहाटे देवळात केक नेऊन लालाकिस परत मिळावा असं साकडंही घातलं होतं.

फानूरिस बाहेरच्या खोलीत आला तेव्हा शेजारपाजारचे लोक चमच्याने संत्र्याचा मुरांबा खात होते. रूसोसही घाम पुसत बसला होता. टॉवेल घसरला आणि सगळ्यांचे चमचे हवेतच थांबले.

"बाई गं," खिडकीशी बसलेल्या कालिरोईबाई म्हणाल्या. नव्वदीच्या घरातल्या, पण जीभ अजून तिशीतच. "जावईबापू अर्धे शहाणे झाले वाटतं."

"उदंड आयुष्य लाभो, लालाकिस!" रूसोस उठून म्हणाला. "मग? सोमवारी सुरुवात?"

फानूरिस काही बोलणार, तेवढ्यात त्याचा जावई झीसिस आत आला. उन्हाळ्यात घरची भट्टी नको म्हणून मेल्पोने भरल्या टोमॅटोंची परात बेकरीत दिली होती आणि ती आणायला झीसिसला पाठवलं होतं. भला माणूस, टॅक्सी चालवायचा आणि सासऱ्यासमोर तोंडातून अक्षर काढायचा नाही. त्याने परात टेबलावर ठेवली. फानूरिसने झाकण उचललं.

आत मासे होते.

"हे काय आहे?" फानूरिसने विचारलं.

"टोमॅटो, बाबा," झीसिस न बघताच म्हणाला.

"टोमॅटोला डोळे कधीपासून फुटले?"

झीसिसने वाकून पाहिलं. त्याच्या हातातलं फडकं थरथरायला लागलं. "बाबा, तिथे... झाकणं सगळी सारखीच..."

"झाकणं सारखी! टोप्याही सारख्याच असतात, म्हणून काय कुणाचंही डोकं घरी आणायचं? मुलगी दिली तुला, परात देताना मी विचार करायला हवा होता!"

लोक हसायला लागले. फानूरिसला वाटलं, आपल्या डोक्याला हसतायत. पण समोरचा शिंपी सिनेमातल्या सासऱ्याचं पुढचं वाक्य आधीच पुटपुटत होता, आणि तेच वाक्य फानूरिसच्या तोंडून बाहेर पडलं: "आता ज्यांचं जेवण आणलंस, त्यांच्याच घरी जेवायला जा!" हसणं खिडकीबाहेर गेलं. बिचारा झीसिस कान लाल करून उभा होता. असं कापणं फानूरिसला ऐन तारुण्यातही साधलं नव्हतं.

"शब्द माझे आहेत," कालिरोईबाईंनी बजावलं. "पण म्हटलेस बरे. पहिल्यांदाच."

फानूरिस खुर्चीवर टेकला. इतकी वर्षं तो जावई करत होता, आणि सासरा केव्हाच येऊन त्याच्या अंगात बसला होता. हे आधी कळलं नाही याचंच त्याला हसू आलं. त्याने झीसिसला जवळ बसवून स्वतःचा पेला त्याच्या हातात दिला. "पी. फार सुरेख केलंस."

"मी काय केलं, बाबा?"

"तेच तर."

रूसोस डोळे पुसत होता. "पण फानूरी, वाहिनीला लालाकिस हवाय."

"मिळेल की. तरुण मिळेल. मी शोधून देतो."

"आणि तू नाहीस म्हटल्यावर त्यांनी नको म्हटलं तर?"

"आत्ता हसलास ते त्यांना सांग."

मेल्पो दारात आली होती. वाटी अजून हातातच होती.

"मेल्पो, तो रंग मोरीत ओत आणि कात्री आण, हे काळे केस कापून टाक," फानूरिस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "सोमवारपासून मी स्टुडिओत. सासरा मी करणार."