बंद ठेवलेला दुसरा स्विच

मी पदवीधर झालो तो वलगावच्या चाचांमुळे. ते आमच्या नात्यातले नव्हते; विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देत. आमच्या घरात सातवीपुढे कुणी शिकलेले नव्हते. अमरावतीच्या कॉलेजात प्रवेशाचा अर्ज भरायचा तर चाचांनी दुकान बंद ठेवले आणि ते दिवसभर माझ्यासोबत रांगेत उभे राहिले. कारकुनाने तुम्ही कोण म्हणून विचारले, तेव्हा म्हणाले, "आमचाच पोरगा हाये."

पुढे अकोल्याच्या एका दवाखान्यात मला संगणकांच्या नेटवर्कचे काम मिळाले. एक वर्ष नीट केले की कायम होणार होतो. तिथे प्रत्येक मजल्यावर छोटे स्विच होते, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या. त्या सगळ्यांच्या तारा मधल्या डिस्ट्रिब्युशन स्विचमध्ये येत. कोणत्या विभागाने कुठवर पोचायचे, हे तोच ठरवी. प्रयोगशाळेचे रिपोर्ट वॉर्डात जात, पण हिशेब विभागाला दिसत नसत. असे मधले स्विच दोन होते. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायचे.

त्या वर्षांत कापूस हातचा जात होता आणि भारनियमन आठ-आठ तास चाले. वीज गेल्यावर मशीन चालवणारी बॅटरी पुरत नसे. एकाने भागते, मग दोन कशाला, असे मला वाटले. एक दिवा पेटला की दुसरा विझवणाऱ्या घरातला मी. दुसरा स्विच मी बंद करून ठेवला. मधल्या महिन्यांत कोणत्या विभागाला काय दिसावे याचे नियम बदलले, तेही पहिल्यावरच टाकले.

एका दुपारी पहिला स्विच बंद पडला. दुसरा सुरू केला, पण नवे नियम त्याला ठाऊक नव्हते. सगळे पुन्हा भरेपर्यंत पाऊण तास गेला. फवारणीचे औषध अंगात गेलेला एक माणूस वॉर्डात होता. त्याचा भाऊ मला जिन्यात भेटला.

"साहेब, रिपोर्ट काहून नाई आला?"

मी तसाच मशीनच्या खोलीकडे पळालो. शेवटी प्रयोगशाळेतल्या बाईंनी कागद हातात घेऊन धाव घेतली. रोगी वाचला.

दुसऱ्या दिवशी आमचे वरिष्ठ म्हणाले, मशीन जुनी होती एवढेच लिहून दे, विषय संपेल. त्यांना माझे भलेच करायचे होते. मी कोरा कागद समोर घेतला. त्या संध्याकाळी चाचांना हे पत्र टाकले.

"चाचा, सलाम.

दवाखान्यात माझ्या हातून चूक झाली. राखीव मशीन मीच बंद ठेवली होती. अहवालात तसेच लिहून दिले. साहेब नाराज आहेत. कायमची ऑर्डर निघेल असे वाटत नाही. रोग्याच्या भावालाही जाऊन सांगितले. तो रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, आता दोन्ही चालू हायेत ना? मी हो म्हणालो. बाबांना इतक्यात काही बोलू नका. रविवारी मीच येऊन सांगतो."