नांगर सुटला त्या दुपारी

प्युर्टो रिकोजवळच्या कुलेब्रा बेटाच्या खाडीत आमची शिडाची बोट नांगरून पडली होती आणि मी तिच्यावर येरझाऱ्या घालत होते. म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या सुकाणूच्या चाकापर्यंत दोऱ्या आणि खुंट्या चुकवत जायचं आणि वळायचं. नवरा आत बाकावर आडवा होऊन फोनवर वाऱ्याचा अंदाज बघत होता.

"काय म्हणतो?" मी वरून विचारलं.

"उद्या बघू. आज जरा जास्तच आहे."

काल आणि परवाही त्याने हेच सांगितलं होतं. आम्हाला पूर्वेला सेंट जॉन बेटावर जायचं होतं. सकाळी निघालो तर संध्याकाळच्या आत पोचतो. पण वारा नेमका तिकडूनच येत होता, आणि त्याच्या मते तो दर दिवशी जरा जास्तच असायचा.

आम्ही दोघं मूळचे नागपूरचे, पण संसार सगळा मिशिगनमध्ये, ट्रॉयला झाला. तो गाड्यांच्या कंपनीत होता, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. बोटीचं वेड त्याचं. मुलगी नोकरीला लागली तशी त्याने फ्लोरिडात ही जुनी बोट घेतली आणि मला म्हणाला, "चल यार, आता नाही तर कधी?" मी नोकरी सोडली. ट्रॉयमधल्या आपल्या लोकांच्या १४ एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात एक मावशी माझा हात धरून म्हणाल्या, "मज्जा आहे बाई तुझी, रोज सुट्टी!"

सुट्टी कसली? सकाळी बॅटऱ्या किती भरल्यात ते बघायचं. आंघोळ समुद्रात उडी मारून, आणि वरून एक तांब्या गोडं पाणी. कणकेत किडे होतात म्हणून ती चाळून, बाटल्यांत घट्ट भरून ठेवायची. त्या हवेत मटकीला मात्र बघता बघता मोड येत. कुकर शेगडीवर तारेने बांधायचा, नाहीतर शिट्टी व्हायच्या आधी तोच खाली. ही कामं मला जड नव्हती. जड जायचा तो कामं संपल्यावरचा वेळ. लॅबमध्ये माझ्यावाचून काहीतरी अडलेलं असायचं. इथे पाणी निळं, डोंगर हिरवा, वर पेलिकन घिरट्या घालतायत, आणि मला वाटायचं, बरं, बघून झालं, आता पुढे?

त्याचं तसं नव्हतं. एकदा नांगराने तळ धरला की तो शांत. बोट चालवायचा मात्र तोच. मी दोऱ्या ओढायची, सँडविच करायची, "डावीकडे होडी आहे" म्हणून ओरडायची. शिकले होते सगळं, पण चाक माझ्या हातात फक्त मोकळ्या समुद्रात यायचं, जिथे धडकायला काही नसतं.

त्या दुपारी तो कपड्यांच्या पिशव्या घेऊन छोट्या होडीतून गावात गेला. धुलाईची मशिनं गावात होती आणि बरोबर भाजीही आणायची होती. मी मागे थांबले.

तो गेला आणि थोड्याच वेळात डोंगरामागून काळं आभाळ आलं. वाऱ्याने दिशाच बदलली. बोट गर्रकन फिरली, साखळी ताणली गेली आणि खालून घरघर ऐकू आली. मी पुढे जाऊन साखळीला हात लावला. ती थरथरत होती. किनाऱ्यावरचं एक झाड नजरेत धरून बघितलं, तर झाड सरकत होतं. म्हणजे आम्ही सरकत होतो. मागे एक पांढरी बोट होती आणि तिच्यामागे खडक.

फोन लावला. तो उचलेना.

इंजिन जुनं डिझेल, किल्ली अर्धी फिरवून जरा थांबावं लागतं. तेवढं थांबणंही जिवावर आलं. मागच्या बोटीवरचे म्हातारे अमेरिकन काका बाहेर येऊन आपल्या बोटीच्या कडेला धक्का झेलणारे रबरी फुगे बांधायला लागले होते. ते रागावतील असं वाटलं, पण त्यांनी ओरडून एवढंच सांगितलं, की घाबरू नकोस, सावकाश कर, मी इथे आहे.

इंजिन लागलं. हळू पुढचा गिअर टाकला आणि पळत पुढच्या टोकाला गेले. साखळी ओढणाऱ्या मोटरचं बटण पायाने दाबायचं, थोडी साखळी आत घ्यायची, परत मागे येऊन चाक सरळ करायचं, पुन्हा पुढे. पाऊस तोंडावर सपासप लागत होता. शेवटी नांगर वर आला, त्याला समुद्रतळाच्या गवताचा हा एवढा पुंजका. त्या गवतात तो कधी रुतलाच नव्हता.

मी चाकावर आले. बोट मोकळी झाली होती आणि माझ्या हातात होती. काकांच्या बोटीपासून दूर जात खाडीच्या मधोमध पोचले, तोवर पाऊस ओसरला. आता जागा बघून नांगर टाकायचा, एवढंच उरलं होतं. मी टाकला नाही. तशीच पुढे गेले.

तेवढ्यात फोन वाजला.

"अगं कुठे चाललीस? मी डॉकवर उभा आहे, मला दिसतेय बोट!"

"अँकर निघाला होता. उचलला मी."

"मग टाक ना परत!"

"टाकते. एक चक्कर मारून येते."

"चक्कर? ही काय स्कूटर आहे का?"

मी फोन ठेवला. खाडीच्या तोंडापर्यंत गेले. बाहेर लाटा उभ्या दिसत होत्या. वळवताना बोट इतकी शहाण्यासारखी वळली, की मी एकटीच मोठ्याने हसले. परत येऊन वाळूचा फिकट तळ बघून नांगर टाकला. पहिल्यांदा धरला नाही, दुसऱ्यांदा धरला.

तो होडीतून आला तेव्हा धुतलेले कपडे पुन्हा ओले झाले होते. आम्ही ते कठड्याला वाळत घातले, तो प्रत्येक कपडा जोराने झटकत होता. मला वाटलं, रागावलाय.

"मला थांबता येत नाही," मी म्हणाले. "रोज उद्या, उद्या. मला वेड लागेल."

तो एक टॉवेल पिळत राहिला. मग म्हणाला, "वारा जास्त नव्हता. काल तर चांगलाच होता."

"मग?"

"मोना पॅसेजपासून मला भीती वाटते. ते झालं ना, तेव्हापासून बाहेर जायचं म्हटलं की मी नुसता अंदाज बघत बसतो."

प्युर्टो रिकोला येताना त्या सामुद्रधुनीत एका लाटेने तो चाकावरून फेकला गेला होता. कमरेचा पट्टा दोरीला अडकवलेला होता म्हणून वाचला. आम्ही नंतर त्यावर हसलो होतो. निदान मी तरी हसले होते.

"सांगायचं ना मला."

"काय सांगणार? बोट माझीच आयडिया होती."

मी त्याच्या हातातला टॉवेल घेतला.

दोन-चार दिवसांनी आम्ही निघालो. चाक माझ्याकडे आणि नांगर त्याच्याकडे. तो पूर्ण वेळ कठडा धरून बसला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत. मधे एकदा उलटीही झाली त्याला. मी विचारलं, "परत फिरू?" तो म्हणाला, "नको. जा तू." सेंट जॉनच्या खाडीत शिरल्यावर तो तिथेच आडवा झाला आणि झोपला. मी कुकर लावला, चहा घेतला, आणि दुसरी शिट्टी व्हायच्या आत पुढच्या बेटाचा नकाशा उघडला. तेव्हा कळलं, की माझी ही तगमग पोचण्याने संपणारी नाही.

वादळांच्या मोसमात बोट जमिनीवर चढवून आम्ही ट्रॉयला आलो. तिथे त्याला गाढ झोप लागायला लागली. त्याने गराज आवरलं, मागे टोमॅटो लावले. थंडीच्या तोंडावर मी म्हटलं, "तिकीट?"

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मी जानेवारीत येतो. महिनाभर."

वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं, ते त्याला दिसू नये म्हणून मी बॅग भरायला आत गेले.

सध्या मी एकटीच, जमिनीवर चढवलेल्या बोटीचा तळ खरवडून रंगवते आहे. तो रोज संध्याकाळी फोन करतो. "इंजिनला तेल बघितलंस?" विचारतो, मग थंडीआधी तोडून ठेवलेल्या टोमॅटोच्या गोष्टी सांगतो. बोलताना माझी नजर झाडांच्या शेंड्यांवर असते, वारा कुठून येतोय ते बघत. त्याला ते आवाजावरून कळतं. "बरं, जा," म्हणतो.