डाळिंबांना बांधलेला ड्रेस

इथे तिरुपूरला कपड्यांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरची बाई डाळिंब सोलते. त्या सालीचा तुरट वास आला की माझं कामात लक्ष लागत नाही. मन चोपड्याकडच्या आमच्या परसात जाऊन बसतं.

आई आजारी पडली आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली. त्याच वर्षी परसातल्या डाळिंबावर पोपट तुटून पडत होते. माझी आत्या, तिला आम्ही अक्का म्हणतो, फळांना बांधायला जुनं कापड शोधत होती. मी रागारागानं शाळेचा ड्रेस आणि कात्री तिच्यापुढे टाकली.

"घे. आता त्यानं काय काम शे?"

अक्कानं कात्री बाजूला सारली आणि सुई घेतली. "कापानं नही, उसवानं. उसवेल कपडा परत शिवता येस."

टाका टाका उसवून आम्ही बाह्या, पाठ, घेर फळांभोवती बांधले. मग मी सकाळपासून पत्र्याचा डबा बडवत पोपट हाकलायचे. शेजारीण म्हणायची, "पोर डाळिंबं चांगली राखस!" मला फळांचं काहीच नव्हतं. चोचीनं कापड फाटलं तर, या धास्तीनं मी झाडाखालून हलत नव्हते.

ड्रेस शिवायचा राहूनच गेला. पण अक्कानं तेव्हा हातात दिलेल्या सुईवरच आज माझं पोट चालतं.

परवा फोनवर कळलं, तेच कापड तिनं औंदाही फळांना बांधलंय. माझ्या तोंडून निघून गेलं, "पोपटांनी फाडलं नाही ना गं?"

अक्का हसली. "अवं, डाळिंबं कशी शेतस ते तर इचार!"