पढेगाव सुटली

आमच्या सासूबाई भुतांना घाबरतात, मी गाडी चुकायला घाबरते. आमची वस्ती वांबोरी स्टेशनपासून चांगली लांब. शेतातल्या रस्त्यानं स्कूटी हाकत जावं लागतं, आणि सकाळची पॅसेंजर आहे सुनेसारखी. वेळेवर आली तर कुणी तिचं नाव काढत नाही, उशीर केला की सगळ्यांच्या तोंडी तीच. ती चुकली तर नगरच्या एस.टी.साठी फाट्यावर तिष्ठत बसायचं आणि दुकानात पोचल्यावर मालकांचं तोंड बघायचं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मालक बोलत काहीच नाहीत, नुसते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतात. बोलले असते तर बरं झालं असतं.

या गाडीवर उपाय काढला होता पढेगावनं.

रोज येणाऱ्या-जाणाऱ्या आम्ही बायका एकमेकींना स्टेशनावरूनच ओळखतो. मी वांबोरी, ती पढेगाव, तिच्या आधी चढणारी श्रीरामपूर. खरी नावं पासावर असतात, ती टी.सी.साठी. पढेगाव नगरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. तिच्या स्टेशनातून गाडी हलली की ती मला मिस कॉल द्यायची. फोनवर ‘पढेगाव’ असं यायचं, मी दुसऱ्या रिंगला कापायची आणि तव्यावरची शेवटची भाकरी उतरवून निघायची. कापला म्हणजे कळलं, निघाले, जागा धर. पुढं फोन फुकट झाले, ग्रुप झाले, गाडी कुठं आहे ते दाखवणारी ॲपं आली, तरी आमची रिंग काही सुटली नाही. ॲपवर गाडी राहुरीत उभी असायची आणि इकडं वांबोरीत शिट्टी ऐकू यायची. पढेगावची रिंग मात्र कधी खोटी ठरली नाही.

वांबोरीत मी डब्यात चढायची तेव्हा उजवीकडच्या खिडकीशी ती बसलेली असायची. सकाळी तिकडं ऊन येत नाही. शेजारी तिची पर्स ठेवलेली, माझ्यासाठी. मला बघितल्यावर ती पर्स उचलायची आणि म्हणायची, “या चष्मेवाल्या.” विळदचा चढ लागेपर्यंत तिच्या पेशंटांच्या गोष्टी आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या. संध्याकाळी परतताना मांडीवर पेपर पसरून मेथी निवडायची. मी आधी उतरायची, ती पुढं जायची. वस्तीवर पोचली की पुन्हा एक रिंग द्यायची, पोचले म्हणून. तीही मी कापायची, आणि मगच माझा दिवस संपायचा.

तिची वस्तीसुद्धा स्टेशनापासून आडबाजूला होती आणि वाटेच्या दोन्ही अंगाला ऊस. आमच्याकडं ऊस म्हटला की बिबट्या आलाच. म्हणून तिचे सासरे हातात काठी आणि बॅटरी घेऊन तिला सकाळी स्टेशनवर सोडायचे आणि संध्याकाळी आणायला यायचे. नवरा टेम्पोवर, पहाटेच भाजीपाला घेऊन बाहेर पडलेला. मी एकदा तिला म्हटलं, तुझ्या सासऱ्यांना तर नीट दिसतही नाही, बिबट्या आला तर ते काय करणार? ती म्हणाली, बिबट्याला काय माहीत त्यांना दिसत नाही ते.

मग एकदा ती त्यांना आमच्या दुकानात घेऊन आली. त्यांना अक्षरओळख नाही. त्यांच्यासारख्यांसाठी आमच्याकडं वेगळा तक्ता असतो, त्यातल्या खुणेची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते बोटानं दाखवायचं. म्हातारबुवा बोट दाखवायचे आणि प्रत्येक वेळी सुनेकडं वळून बरोबर का म्हणून बघायचे. चष्मा तयार झाल्यावर मीच तो त्यांच्या नाकावर चढवला. त्यांनी आरसा बघितला नाही, रस्ता बघितला नाही, सुनेच्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “तू लई वाळलीस गं.” ती हसली, पण गाडीत बसल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर तोंड करून होती.

पावसाळा सरता सरता ती तापानं आजारी पडली. दुसऱ्यांचे ताप उतरवणारी बाई, स्वतःचा अंगावर काढला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. ती गेली हे मला श्रीरामपूरनं गाडीतच सांगितलं. उजवीकडच्या खिडकीशी कुणीतरी कॉलेजचा मुलगा बसला होता आणि मला त्याचा इतका राग आला की मी डबाच बदलला.

प्रवरेच्या काठी दशक्रियेला मी आणि श्रीरामपूर गेलो होतो. म्हातारे सगळ्यांपासून बाजूला, एका दगडावर बसले होते. मी जवळ गेले. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

तेराव्यानंतरची ती सकाळ. मी चुलीशी होते, फोन खिडकीत. रिंग वाजली. मी सवयीनं हात पुढं केला आणि बघितलं तर ‘पढेगाव’.

भाकरी तव्यावर करपली. सासूबाई आतून ओरडल्या, फोन घे की गं. मी घेतला नाही, कापलाही नाही. तो पूर्ण वाजला आणि थांबला. माझ्या अंगावर काटा आला होता आणि पाय मात्र आपोआप चपला शोधत होते. स्टेशनवर पोचले तर पाचेक मिनिटांत गाडी आली, अगदी हिशेबात.

श्रीरामपूरला विचारलं, कारण पढेगावला काय होतं ते तिलाच दिसणार. तिनं आवाज खाली आणला. म्हणाली, म्हातारे असतात फलाटावर, बॅटरी घेऊन. आपल्या डब्यासमोर येतात. गाडी थांबली की कुणाला वाट द्यावी तसे एक पाऊल मागं सरतात, मग हात वर करतात. गाडी हलली की खिशातून तिचा फोन काढतात.

म्हणजे भूत नव्हतं, म्हातारा होता. माझी भीती जायला हवी होती. ती गेली नाही, उलट वाढली. रोज सकाळी ‘पढेगाव’ यायचं, मी ते बघत उभी राहायची आणि वाजू द्यायची. कापायचं म्हणजे काय? कळलं, निघाले, जागा धर. हे मी कुणाला सांगू? म्हाताऱ्याला सांगायचं तर तो काही गाडीत नव्हता. गाडी मात्र मी त्याच रिंगवर पकडत होते, हेही खरं. माणूस किती मतलबी असतो बघा, भ्यायचं ते भ्यायचं आणि वर त्यावरच घड्याळ लावायचं.

थंडीत दुसऱ्या लाईनच्या कामासाठी ब्लॉक आला. आमची पॅसेंजर रद्द झाल्याचं आदल्या संध्याकाळीच सगळ्यांना कळलं होतं. एस.टी.नं जायचं म्हणून मी लवकर आवरत होते. बाहेर धुकं होतं. फोन वाजला. पढेगाव.

मी अंगणात आले. आमच्याकडं सकाळी हवा शांत असली की गाडीचा आवाज लांबून येतो. त्या दिवशी काहीच आवाज नव्हता. रुळावर गाडी नव्हती आणि माझ्या हातातला फोन सांगत होता, पढेगाव सुटली. तो पूर्ण वाजून थांबेपर्यंत मी तिथंच उभी होते. सासूबाईंनी माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता मीठ-मोहरी आणायला आत गेल्या. एरवी मी त्यांची थट्टा केली असती. त्या दिवशी मुकाट्यानं दृष्ट काढून घेतली.

त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला, त्याच्या स्वतःच्या नंबरवरून. बिचारा अडखळत बोलत होता. वडील सकाळ-संध्याकाळ स्टेशनवर जातात, धुक्यातसुद्धा. उसात परवाच बिबट्यानं कुत्रं नेलं. तिचा नंबर बंद करावा असं त्याच्या मनात होतं, पण वडिलांच्या हातून फोन काढून घ्यायची हिंमत होत नव्हती. “ताई, तुमी सांगा त्यास्नी. फोन करू नका म्हना. तुमचं ऐकतील. फोन बंद झाला की जायचंबी बंद हुईल.” मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, त्याच्याइतकंच मलाही ते बंद व्हायला हवं होतं. काय बोलायचं ते मी मनात घोळवून ठेवलं आणि सुट्टीच्या दिवशी पढेगावला गेले.

म्हातारे ओट्यावर बसले होते. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते. तिच्या नवऱ्यानं चहा आणून ठेवला आणि मुद्दामच आत गेला. मी इकडचं तिकडचं बोलले, चष्म्याची काडी ढिली झाली होती ती पिळून दिली. मग हळूच विषय काढला. म्हटलं, बाबा, त्या दिवशी तर गाडी रद्द होती, तरी तुमची रिंग आली.

त्यांना काही नवल वाटलं नाही. “म्हाईत हाय की. मास्तरनी सांगितलं हुतं, गाडी न्हाई म्हनून. पन ती कुठं ऐकती? कवा खाडा केलाय का तिनं? निघाली. मी गेलो मागनं बॅटरी धरून.” त्यांनी चष्म्याची काडी उघडझाप करून बघितली. “बसवून दिली. मंग तुला कळवाया नको व्हय?”

कशात बसवून दिली, हे मी विचारलं नाही. चहाचा कप हातात गार होत होता. घोळवून आणलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, तेवढ्यात तेच म्हणाले, “एक इचारू का?”

“विचारा की.”

“पयलं तू फोन कापायचीस. ती मला सांगायची, कापला म्हंजी जागा धरायची. आता तू कापत न्हाईस. पुरा वाजतो त्यो.” त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि दुकानात सुनेकडं बघितलं होतं तसं माझ्याकडं बघितलं. “मंग मला दिसभर वाटत ऱ्हातं, तुमची गाठ पडली का न्हाई. पोरगी हुबीच ऱ्हायली का काय. संध्याकाळी जातो आनाया, तर उतरत न्हाई. रोज सकाळी बसवून देतो. एकदाबी उतरली न्हाई.”

मला रडू आलं. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, पण आलं. ते रागावले नाहीत की समजूत काढायला आले नाहीत. म्हणाले, चहा घे, निवला. मी तो गार चहा प्याले.

निघताना नवरा फाट्यापर्यंत सोडायला आला. सांगितलं का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, आणि सांगणारही नाही. नंबर चालू ठेवा. जमलं तर त्यांच्याबरोबर तुम्ही जात जा, टेम्पो थोडा उशिरा काढा. बापाला समजावायला बोलावलेली बाई बापाच्याच बाजूची होऊन परत चालली होती. शेवटी म्हणाला, बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन चुलीपाशीच घेऊन बसले. हात पिठाचा होता तो पुसून ठेवला. रिंग वाजली, ‘पढेगाव’ आलं. दुसऱ्या रिंगला मी कापला. आपण काहीतरी कबूल करून बसलो आहोत, जे पुन्हा मागं घेता येणार नाही, असं वाटत होतं. मग भाकरी उतरवली आणि निघाले.

गाडीला गर्दी बेताची होती. उजवीकडची खिडकी रिकामी होती. मी तिथं बसले नाही, तिच्या शेजारच्या जागेवर बसले, रोजच्या माझ्या. श्रीरामपूर समोर होती. तिनं एकदा खिडकीकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं आणि पिशवीतलं विणकाम काढलं. विळदचा चढ लागला, गाडी हळू झाली. बाहेर कोरडे डोंगर, आत विणकामाच्या सुयांची टकटक. माझ्या उजव्या खांद्याला थंडी लागली नाही एवढं मी सांगू शकते. खिडकी तर उघडी होती.

दिवसभर दुकानात कामात लक्ष नव्हतं. एका बाईला दुसऱ्याच बाईची फ्रेम दिली आणि मालकांनी घड्याळाकडं बघितलं. संध्याकाळी गाडीत जुडी काढून मेथी निवडली. वांबोरीला उतरताना खिडकीकडं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. काच धुळीनं भरलेली होती, आतलं काही दिसलं नाही.

वांबोरीत किराणा भरून बऱ्याच वेळानं स्कूटीनं वस्तीच्या रस्त्याला लागले. ती गेल्यापासून संध्याकाळी कधी रिंग आली नव्हती. म्हाताऱ्यानं सकाळची दिली, संध्याकाळची एकदाही नाही. देणार कशी? पोचल्याची रिंग पोचल्यावरच द्यायची असते.

आमच्या विहिरीच्या वळणावर पर्समध्ये फोन वाजला. मी गाडी बाजूला घेतली. अंधार पडायला लागला होता, दोन्ही हात मेथीच्या वासाचे होते. फोनवर ‘पढेगाव’ होतं.

मी दुसऱ्या रिंगला कापला आणि घरी गेले.