लाल दोऱ्याची गाठ

बटणशेठना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. कित्येक वर्षं त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहिलो, शर्टाची बटणं त्यांच्याकडूनच घेतली, पण त्यांना गोड आवडायचं की तिखट, हेही मला सांगता यायचं नाही. थोडं डोळ्यांनी पाहिलेलं आणि बरंचसं त्यांच्या बायकोने, वहिनींनी, जिन्यात उभं राहून सांगितलेलं, एवढ्यावरच लिहितो आहे.

शेठचं दुकान म्हणजे भिंतीत बसवलेलं कपाटच. तिन्ही बाजूंना छोटे खण आणि प्रत्येक खणावर नमुन्याचं एक बटण शिवलेलं. शिंप्यांना लागणारं सगळं त्या गल्लीत मिळायचं. शेजारी अस्तरवाला, समोर दोरेवाला, कोपऱ्यावर चेनवाला. शेठ बटणं मोजायला बसले की बघत राहावं. जिभेचं टोक दातांत धरायचे आणि दोन बोटांनी जोडी जोडी पुढे सरकवायचे. गिऱ्हाईक मध्ये बोललं की पुन्हा पहिल्यापासून. एक बटण जास्त गेलं म्हणून ते शिंप्याच्या मागे रस्त्यापर्यंत धावलेले लोकांनी पाहिले आहेत.

हा माणूस नोटा मात्र मोजत नसे. नोटा मोजणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं, अशी त्या थोर गल्लीची समजूत होती. आणि या समजुतीचे मुख्य पुजारी शेठ. ते शंभर नोटा एकदाच मोजायचे, पुठ्ठ्यावर बटणं टाचायच्या लाल दोऱ्याने गठ्ठा उभा-आडवा बांधायचे आणि वर स्वतःची खास गाठ मारायचे. दोन वेढे आणि एक फास. मग तो गठ्ठा गल्लीत फिरायला मोकळा. अस्तरवाल्याचा माल आला की शेठ उसना द्यायचे, तो दोरेवाल्याचं देणं त्यातून भागवायचा, दोरेवाला चेनवाल्याचं. गाठ कुणीच सोडायचं नाही. लाल दोरा दिसला म्हणजे शंभर. चिठ्ठी नाही, सही नाही, साक्षीला चहाचे रिकामे कप.

चेनवाला गल्लीत नवा असताना त्याने एकदा बिचकत विचारलं होतं, "मोजून घेऊ का?"

अस्तरवाला पोट धरून हसला. "शेठची गाठ आहे ती! उद्या बायकोचे दात मोजायला बसशील."

चेनवाल्याने कान पकडले. शेठनी मान खाली घालून बटणं मोजायला घेतली, पण ओठ हसत होते. त्या रात्री जेवताना त्यांनी ही गोष्ट वहिनींना दोनदा सांगितली.

वहिनी म्हणाल्या, "बरोबर विचारलं त्याने."

"तुला बाजारातलं काय कळतं?"

"मला एवढं कळतं की तुमचा सगळा पैसा बाहेर आणि घरात नुसता दोरा."

पुढे जागेच्या मालकीणबाईंनी दुकानाची जागा विकायला काढली. पहिला मान भाडेकरूचा, म्हणून शेठना विचारलं. शेठनी दोनदा मुदत मागितली, बाईंनी दोन्ही वेळा दिली आणि तिसरी मिळणार नाही असं स्पष्ट सांगितलं. शेठना दुसरा धंदा येत नव्हता, दुसरी जागा परवडणार नव्हती. जागा गेली असती तर ते सगळे खण घेऊन बसायचं कुठे? त्यांनी गल्लीतले गठ्ठे परत मागायला सुरुवात केली. आणि गल्लीने, खरं सांगायचं तर, एकही नाकारला नाही. लाल दोऱ्याचे गठ्ठे एकेक करून घरी परतले. शेठनी ते पिशवीत रचले तेव्हा त्यांची छाती फुगली होती.

"निदान या वेळी तरी मोजा हो," वहिनी म्हणाल्या.

"गाठ माझी आहे. स्वतःच स्वतःवर संशय घेऊ?"

मालकीणबाई हिशेबाला पक्क्या. टेबलावर नोटा मोजायचं मशीन, आणि बाहेरच्या बाकावर दुसरं गिऱ्हाईक, रोकड मांडीवर घेऊन बसलेलं. बाईंनी कात्रीने पहिली गाठ कापली. शेठना ते लागलं. मशीन फरफरलं आणि मध्येच अडकलं. बाईंनी आतून एक चपटा तुकडा ओढून काढला.

"शेठ, हे काय? बटणांचा पुठ्ठा?"

पुठ्ठा शेठच्याच दुकानचा होता. त्यावर बटणं टाचायची भोकंसुद्धा ओळीत होती.

"मशीन बिघडलंय," शेठ म्हणाले.

बाईंनी हाताने मोजलं. मग दुसरा गठ्ठा, मग तिसरा. शंभराचा एकही भरला नाही. प्रकार साधा होता. ज्याला नड लागली त्याने गाठ न सोडता मधली एखादी नोट हळूच ओढून घेतली होती, उद्या परत घालू म्हणून. दोरा सैल पडला की पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा. कुणी एकाने सगळं लुटलं असतं तर निदान त्याला शिव्या घालता आल्या असत्या. इथे सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं होतं, आणि खाताना गाठीचा मान मात्र राखला होता.

"दुपारपर्यंत थांबते," बाई म्हणाल्या. "त्यापुढे माझा नाइलाज आहे."

शेठ घाम पुसत गल्लीत आले. एका गठ्ठ्याहून थोडी जास्त तूट. चौघांनी हातभार लावला असता तर तासाभरात भरली असती.

अस्तरवाल्याने कानांवर हात ठेवले. "मी तर जसा आला तसा पुढे दिला. मोजला असता तर तुमचाच अपमान झाला असता."

"पण कमी भरलेत रे सगळे."

दोरेवाल्याने तर शेठनाच समज दिली. "गाठ कुणाची शेठ? तुमची. बांधताना नीट मोजायचं होतं."

"मी मोजले होते! मी बटण चुकत नाही, नोट चुकेन?"

"आता ते कोण सांगणार?" दोरेवाला म्हणाला आणि रीळ गुंडाळू लागला.

शेठ चेनवाल्यासमोर आले तेव्हा तो गिऱ्हाइकाच्या नोटा थुंकी लावून मोजत होता.

दुपारी बाकावरचा माणूस आत गेला. आठवड्याभरात खण निघाले आणि तिथे चपलांचं दुकान लागलं. गल्लीला फार वाईट वाटलं, असं गल्लीच म्हणत होती. नंतर सगळ्यांनी मिळून नोटा मोजायचं एक मशीन घेतलं. त्याची वर्गणी अस्तरवाल्याकडे जमा झाली, अर्थात न मोजता.

शेठ आमच्या जिन्याखाली एक टेबल टाकून बसू लागले. मावले तेवढे खण टेबलाखाली, बाकीचे घरात पलंगाखाली. वहिनी येता-जाता काही बोलत नसत. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं. लाल दोऱ्याचं रीळ मात्र शेठसमोर असायचंच. आता त्या दोऱ्याने शेठ फक्त बटणं टाचायचे.

पुढच्याच महिन्यात ते झोपेत गेले. त्याच्या दोन दिवस आधी मला शर्टासाठी चार बटणं हवी होती. त्यांनी जीभ दातांत धरून ती मोजली, पुन्हा मोजली आणि पुडीत बांधली. मी नोट पुढे केली.

"सुटे नाहीत हो," शेठ म्हणाले.

"राहू द्या. पुढच्या वेळी बघू."

"तुमचे माझ्याकडे राहिले हं. लक्षात ठेवा."

"तुम्हीच ठेवा की."

"ठेवतो," शेठ म्हणाले, आणि नोट न बघताच खिशात टाकली.