लोखंडी दारामागची खोली

सासूबाईंचा निरोप आहुप्याहून आलेल्या एका माणसाच्या तोंडी आला. लेकीला आन् नातवाला घेऊन येते. खोली बघते. नातवाची झोळी बांधण्याजोगी वाटली तर बांधते, न्हाईतर दोघांना घेऊन माघारी जाते.

निरोप देऊन तो माणूस एसटीनं निघूनही गेला आणि मी दाराकडं बघत उभा राहिलो.

ती खोली म्हणजे तात्यांच्या बंगल्याखालचं जीपचं गॅरेज. निमगाव सावाला ज्यांच्या मळ्यात मी कामाला होतो, ते तात्या. सातवीतून शाळा सुटलेला, डोंगरातून आलेला मी. इथून घरी जायचं तर सगळा दिवस एसटी बदलण्यात जायचा. बायकोला इकडं आणतो म्हणालो, तेव्हा तात्यांनी नवी जीप बाहेर चिंचेखाली लावली आणि गॅरेज मला दिलं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. चिंचेखाली जीपवर पाखरं घाण करायची, मी रोज पुसायचो आणि रोज मनात ओशाळायचो.

खोली चांगली होती. वर बंगल्याचीच खोली असल्यानं छत तापत नसे. पण दार मावळतीला. दोन झडपांचं, अख्खं लोखंडी पत्र्याचं. चैत्रात दुपार कलली की ते असं तापायचं, की कडी काढायला फडकं लागायचं. आणि आत, भिंतीशी बसलं तरी चुलीसमोर बसल्यासारखं. आमच्या डोंगरात थंडीवाऱ्याला आणि पावसाला कसं अडवायचं ते लहान पोरालाही कळतं. पण दार बंद असताना ऊन आत येतं कसं, हे मला कळेना. लोखंडातून येतं की फटीतून?

तात्यांच्या घरच्या काकी म्हणाल्या, "गोणपाट भिजवून टांग की. माठाला नाय का आपण गुंडाळत?"

टांगलं. पहिल्या दिवशी लई गार वाटलं. मग खोलीत कोंदट वास सुटला, गोणपाटातून तांबडं पाणी गळायला लागलं. दाराला गंज धरतोय का काय, या भीतीनं मी फडक्यानं दार पुसत बसलो. शेजारच्या मळ्यातले म्हातारबा डोकावून म्हणाले, "आरं, येणाऱ्या लेकराला सर्दी करतोस का?" गोणपाट काढलं. कोरडंच टांगून पाहिलं, तर तेही तापलं.

मग काकींनी माळ्यावरून गणपतीच्या मखराचा थर्माकोल काढून दिला. खांब, कमानी, वर चमकी. "जुना झालाय, वापर." देवाच्या वस्तूला हात लावताना कसंतरीच झालं, पण काकींनीच दिला होता. आतल्या बाजूनं चिकटवायचा म्हणून सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आणलं. कमानीच्या मागं फासलं, तर थर्माकोल विरघळायला लागला. डोळ्यांदेखत खड्डे पडले, चमकी बोटांना चिकटली. देवाचं मखर दाराला वापरलं, म्हणूनच झालं हे. उरलेले तुकडे तसेच उचलून काकींसमोर ठेवले.

सायकलवाला तिथंच उसना दिलेला पंप न्यायला आला होता. तो हसत सुटला. "आरं राव, सोल्युशन खातं थर्माकोलला! देव कशाला येतोय तुझं दार बघायला? सुतळीनं बांध."

सुतळीनं बांधला. फरक पडला असं वाटे, मग पुन्हा वाटे, नाही पडला. खालच्या फटीतून झळ यायचीच; तिथं जुनी वाकळ गुंडाळून लावली. हात दारावर ठेवायचो, मग भिंतीवर, मग पुन्हा दारावर. शेवटी माझ्याच हाताचा भरवसा वाटेना.

तेव्हा घरची आठवण आली. आमच्याकडं पावसाळ्याआधी घराच्या ज्या अंगाला झोड बसते, त्या भिंतीबाहेर गवताचा आडोसा बांधतात. भिंतीला चिकटवून नाही, मधे हातभर जागा सोडून. पाऊस आडोशाला लागतो, भिंत कोरडी. ऊनही तसंच अडेल? इथं भाताचा पेंढा नाही, पण उसाचं पाचट हवं तेवढं. तात्यांना विचारायचं धाडस होईना. नव्या रंगाच्या बंगल्याला झोपडीसारखं पाचट लावायचं! चार दिवस घोटाळलो. मग सासूबाई यायच्या आदल्या दिवशी विचारलंच. तात्या म्हणाले, "बांध की. फक्त इकडं कुणी बिडी घेऊन फिरकू नका."

मन लावून बांधला. बांबूच्या कांबट्यांत पाचट दाबून, दाराच्या चौकटीला वरून खालपर्यंत तारेनं आवळून, मधे हातभर जागा. कुठं फट म्हणून ठेवली नाही. घाम पुसून मागं झालो. बरोबर आमच्या घरच्यासारखा झाला होता.

तात्या आले, डोकं तिरकं करून बघत राहिले.

"झकास. आता आत कसं जायाचं, पावणं?"

आमच्या घरी आडोसा असतो त्या अंगाला दार नसतं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खोलीला दार एकच, ते बाहेर उघडणारं, आणि त्याच्यापुढं मीच भिंत घातली होती. काकी पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसावं की रडावं कळेना. उद्या सासूबाई येणार होत्या.

तात्यांनी पक्कड आणली. आम्ही दोघांनी तारा सोडवल्या, अंगणात दाराच्या पुढं दोन झडपा उघडतील एवढी जागा सोडून खांब रोवले आणि आडोसा तिथं उभा केला. लग्नातल्या मांडवासारखा. वरून तात्यांनी रोपवाटिकेतली सावलीची जाळी टाकली. दिवेलागणीला काम संपलं.

सासूबाई दुसऱ्या दिवशी ऐन कलत्या दुपारीच उतरल्या. बायको मागं, लेकरू पदराखाली. माझ्याशी दोन शब्द बोलल्या, पाणी प्यायल्या नाहीत. आडोशाला वळसा घालून आत आल्या, दार ओढून लावलं आणि पत्र्यावर पालथा हात ठेवला. थर्माकोलच्या कमानीच्या खड्ड्यात, जिथं पत्रा उघडा होता नेमका तिथंच. हात तसाच राहिला. बायको माझ्याकडं बघत नव्हती, आईच्या हाताकडं बघत होती.

"ही चमकी कसली, पावणं?"

"गणपतीची."

"बरं." त्यांनी हात काढला, पिशवीत घातला आणि झोळीचा दोर बाहेर काढला. "वर छताला कडी कुठंय?"

मी स्टुलावर चढून दाखवली. गाठ त्यांनीच मारली.

थर्माकोलनं काम केलं, की वाकळेनं, की आडोशानं, की जाळीनं, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. त्यातलं एकही काढून बघायची माझी छाती झाली नाही. लेकरू झोळीत घालताच झोपलं. मी बाहेर आलो, फडकं घेतलं आणि चिंचेखालची जीप पुसायला लागलो.