गंगाकाकूंनी तोलून कापलेलं पुस्तक

एकोणीस मार्च. दुपारचे दोन वाजले होते आणि मी कळंबच्या बाजारात गंगाकाकूंच्या दुकानात ज्वारी निवडत बसले होते. सूप मांडीवर, डोळे रस्त्यावर. सुनंदा यायची होती. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग माझ्याकडे होता, दुसरा तिच्याकडे. त्या दिवशी अदलाबदल ठरली होती. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा पेपर तीन आठवड्यांवर आला होता.

एकच पुस्तक दोघींकडे अर्धं अर्धं कसं, ते सांगायला हवं.

गंगाकाकूंचं दुकान धान्याचं. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग बांधलेला शिवदारा, पदर कमरेला खोचलेला. माहेर कर्नाटकातलं, त्यामुळे वस्तू हातात देताना 'तगो', म्हणजे 'घे', म्हणायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, मराठीची नाही आणि कानडीचीही नाही. मात्र दुकानाच्या मागच्या खोलीत, पोत्यांच्या थप्पीपलीकडे, दोन रॅक भरून कॉलेजची जुनी पुस्तकं होती. रद्दीच्या भावानं आलेली. पुड्या बांधायला घेतलेली ती पुस्तकं काकूंना फाडवेनात. "इतकं बारीक लिवलंय, कुणीतरी डोळं फोडून लिवलं आसंल," असं म्हणून त्यांनी ती रचून ठेवली. मग एका पोरीनं त्यातलं एक मागितलं आणि तिथून ते सुरू झालं. जुलैत न्यायचं, एप्रिलात आणून द्यायचं. भाडं नव्या पुस्तकाच्या चौथ्या हिश्शाइतकं. पेनानं खूण करायची नाही.

आणि आठवड्यातून एकदा येऊन पुस्तकात काय आहे ते काकूंना सांगायचं. ही अट सगळ्यांना होती.

"भाडं दिलंस ते पुस्तकाचं. मला काय मिळालं? सांग की, काय लिवलंय यात."

पहिल्या शनिवारी मी सांगायला बसले, तेव्हा त्यांनी सूप पुढं सरकवलं. "रिकाम्या हातानं बोललेलं मला कळत न्हाय."

मी बीए करणाऱ्या मुलींचा हेवा करायचे. त्यांना राजे-राण्या सांगायच्या असत. मला इंग्रजीतलं रसायनशास्त्र मराठीत आणून, तेही ज्वारीतले खडे वेचता वेचता, धान्य विकणाऱ्या बाईच्या गळी उतरवायचं होतं. मी घोकलेलं म्हणून दाखवलं की काकू डोळे मिटत. संपलं की म्हणत, "मला कळलं न्हाय. म्हंजी तुलाबी कळलं न्हाय. जा, परत वाचून ये."

मी स्वप्नाळू बाई नाही, तेव्हाही नव्हते. पण ती मागची खोली आठवली की अजून मन सैल होतं. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा खाली यायचा आणि धान्याची धूळ त्यात तासन्तास तरंगत राहायची, सोनेरी, कुठेही न पोचता. नव्या बारदानाचा वास. पत्र्यावर पारव्यांची घुमघुम. आणि त्या पट्ट्यात कुणीतरी भूगोल सांगतंय, कुणी वनस्पतींची मुळं, कुणी व्याजदर. काकू अर्धवट झोपल्यासारख्या ऐकताहेत. कधी वाटायचं, ही बाई पोत्याला टेकून साऱ्या विद्यापीठाचं स्वप्न बघते आहे आणि आम्ही त्यात बोलतो आहोत.

सेंद्रियचं पुस्तक रॅकवर एकच होतं, जाडजूड. नवं घेणं आम्हा दोघींच्या घरी शक्य नव्हतं. झेरॉक्स नव्याइतकीच महाग पडत होती. ग्रंथालयातली प्रत तिथेच बसून वाचायची आणि माझी गावाकडची शेवटची एसटी चारला. सुनंदा परंड्याकडच्या सोनारीची, कळंबात मावशीकडे राहून शिकणारी. दोघी एकाच दुपारी ते पुस्तक मागायला आलो.

"दोघीबी खऱ्या हायत," काकू म्हणाल्या. आयुष्यात एक पान न फाडणाऱ्या त्या बाईनं पोती उसवायची सुरी आणली आणि पुस्तकाची पाठ उकलली. मग तराजू घेतला. आम्ही बघत राहिलो. एका पारड्यात पानांचा एक गठ्ठा, दुसऱ्यात दुसरा. इकडची चार पानं तिकडं, तिकडची दोन इकडं. काटा मधोमध आल्यावर त्या समाधानानं म्हणाल्या, "झाला न्याय." दोन्ही गठ्ठे पोतं शिवायच्या दाभणानं सुतळीत शिवले. "तगो."

माझा गठ्ठा बेन्झीनच्या प्रकरणात, एका वाक्याच्या मध्यावर संपत होता. पुढचं वाक्य सुनंदाकडे. आम्ही बसस्टँडपर्यंत हसत गेलो. मार्चपर्यंत आपापला भाग, मग अदलाबदल, असं ठरलं. तोवर माझा शनिवार, तिचा बुधवार.

तर एकोणीस मार्चला सुनंदा आली नाही. तिची मावशी आली. सुनंदाचं लग्न ठरलं होतं, तिला सोनारीला नेलं होतं आणि अर्धं पुस्तक तिच्या पिशवीत गेलं होतं.

माझ्या हातातलं सूप थांबलं. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, घरी स्पष्ट सांगितलेलं होतं, "एक ईषय जरी राह्यला तरी वह्या माळ्यावर. पुना फी भरणं व्हणार न्हाय." आण्णा बोलल्यावर मागं फिरत नसत. आणि बेन्झीनवर हमखास मोठा प्रश्न असे.

मी काकूंना नको ते बोलले. "तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून पुस्तक जवारीसारखं तोलून कापलंत. आता माझं काय?"

काकूंनी ऐकून घेतलं. "म्या जाते सोनारीला," एवढंच म्हणाल्या. "भैरोबाचं दर्शनबी हुईल."

दुसऱ्याच दिवशी दुकानाला कुलूप लावून त्या गेल्या. एका दिवसाच्या कामाला चार दिवस लावले. परत आल्या तेव्हा हातात नारळ होता. पुस्तक नव्हतं.

"का हो काकू?"

"तिलाबी लागतंय."

"तिचं लग्न आहे! ती कशाला पेपर देते?"

"देणार हाय. बस इथं. सूप घे." त्या माझ्यासमोर पोत्याला टेकल्या आणि डोळे मिटून बोलायला लागल्या. "तुझं कुठवर आलतं? सहा जणी गोल करून उभ्या, हितवर ना? आता ऐक. त्या सहा जणी फुगडी घालायल्यात. एकीआड एक दोन्ही हातांनी धरून. पर इतकी गरगर, की कोण एका हातानं धरलीय आन् कोण दोन हातानं, ती बघणाऱ्याला कळत न्हाय. म्हणून ते कडं तुटत न्हाय लौकर."

मी थक्क होऊन बघत राहिले. ते सुनंदाचं होतं. बुधवारचं. काकूंकडे ते सगळं, ओळीनं, पडून होतं.

"आता नवा पाव्हणा येतोय. गोल पंगत हाय, एकजण उठल्याबिगर त्याला जागा न्हाय. बसला. मग दुसरा पाव्हणा आला, तर त्यानं कुठं बसायचं? ती पयला ठरवतो. पयला देणाऱ्या हाताचा आसंल तर दुसरा त्याच्या शेजारी बसंल, न्हायतर बरूबर समोर. पयला हावरट आसंल, सगळं आपल्याकडं वढणारा, तर मधी एक जागा सोडून. विंग्रजी नावं तुझी तू घाल."

घातली. त्यानंतरच्या दुपारी मी रोज गेले. बाहेर बैलगाड्या आणि टेम्पो, आत तो उन्हाचा पट्टा, आणि एका निरक्षर बाईच्या तोंडून सावकाश उलगडत जाणारं अर्धं पुस्तक. मी एका हातानं निवडत होते, दुसऱ्या हातानं लिहीत होते. कुठे शंका आली की काकू म्हणत, "ती तिलाबी कळलं न्हवतं. म्या परत वाचाय धाडलं, मग असं सांगितली," आणि पुढे चालू लागत.

पेपरच्या दिवशी हॉलमध्ये माझ्या मागच्या रांगेत बांगड्या किणकिणल्या. वळून बघितलं तर सुनंदा, कोपरापर्यंत हिरवा चुडा. चुडा भरल्यावर नवरीनं घराचा उंबरा ओलांडायचा नसतो, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं. बेन्झीनचा प्रश्न आला होता, वीस गुणांचा. मी लिहिलं. मागे चुडा थांबत थांबत वाजत होता, म्हणजे तीही लिहीत होती.

बाहेर आल्यावर मी कोरडेपणानं विचारलं, "पहिल्या अर्ध्याचं काय केलंस?"

"काकूंनी सांगितलं की. चार दिवस आमच्याकडं होत्या. माझ्याबरोबर हळकुंडं कांडत बसायच्या आन् तुझं सगळं सांगायच्या. मधीच म्हणायच्या, हे शैलानं लई चांगलं सांगितलंय, ध्यान दे." ती हसली. "माझ्या आबांना म्हणाल्या, चुडा हाताला भरत्यात, डोक्याला न्हाय. पाठवा पोरीला. आबा तयारच नव्हते. तिसऱ्या दिवशी कबूल झाले."

तिची जीप उभी होती. लग्न दोन दिवसांवर आणि भौतिक रसायनाचा शेवटचा पेपर त्यानंतर तीन दिवसांनी. "सासरचे पाठवतो म्हणालेत," सुनंदा म्हणाली. "पण वाचलंय कुठं मी?"

मी दुकानात गेले. काकू गिऱ्हाइकाला तूरडाळ मापत होत्या.

"काकू, तुम्ही मला सांगितलं नाहीत, तिला माझं सांगत होतात म्हणून."

"तू ईचारलीस व्हय? तू भांडत हुतीस."

मी माफी मागितली नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. मापलेल्या डाळीची पुडी तेवढी बांधून दिली.

निकाल जूनमध्ये लागला, दोघी पास झालो. मी पुढे रसायनशास्त्रच शिकवायला लागले. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, झोपेत, दुपारी. पण हे सगळं नंतरचं.

सेंद्रियच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाची एसटी धरली, बार्शीवरून परंडा, परंड्यावरून सोनारी. दारात मांडव पडला होता. ओसरीवर बायका तांदूळ निवडत होत्या, मधोमध सुनंदा. मला बघून ती उठायला लागली, तिला मी खाली बसवलं. एक सूप ओढून घेतलं आणि भौतिक रसायनाच्या पहिल्या प्रकरणापासून सांगायला सुरुवात केली.